फटीचं खापर दरवेळी टेपवाल्यावरच का?

जिप्सम बोर्डाची, म्हणजे कागद लावलेल्या प्लास्टरच्या पाट्यांची, सिलिंग करणाऱ्या एका कारागिराचं पत्र आलंय. दोन बोर्डांच्या जॉइंटवर कागदी टेप मारून तो लपवणारा तो टेपवाला. पत्र थोडक्यात असं: "दादा, मी सात वर्षं जिप्सम बोर्डाच्या लाइनीत आहे. आधी हेल्पर होतो, आता टेप-फिनिश करतो, आणि माणसं कमी असली की बोर्ड चढवायलाही मीच असतो. मागे एका मोठ्या हॉलचं सिलिंग केलं, जवळपास अठरा मीटर लांब. तीन महिन्यांत जॉइंटवर फट आली. ठेकेदार म्हणाला टेप तू मारलीस, दुरुस्ती तुझ्या अंगावर. दोनदा खरवडून परत टेप मारली, पैसे मिळाले नाहीत, आणि आता तिसऱ्यांदा तिथंच फट आहे. त्यात मान आणि उजवा खांदा रात्रभर ठणकतो, सकाळी उठलो की दोन बोटांना मुंग्या आलेल्या असतात. बायको म्हणते ही लाइनच सोडून द्या. वय २९. काय करू?"

भावा, तू फटीचं आधी लिहिलंस आणि बोटांचं शेवटी, मी उलटं घेतो, कारण फट कुठे पळून जात नाहीये. बोटांना मुंग्या येणं हे नुसतं अंग दुखणं नाही. दिवसभर मान मागे टाकून, हात डोक्याच्या वर धरून काम केलं की खांदे भरून येतात, ते या लाइनीत सगळ्यांनाच होतं आणि एक-दोन दिवसांच्या आरामाने बऱ्यापैकी उतरतं. पण मुंग्या, बधिरपणा, हातातून पत्री (माल पसरवायची पाती) निसटणं, हे नसेवर कुठेतरी दाब येतोय असं असू शकतं आणि ते मी पत्रावरून ठरवू शकत नाही, तूही ठरवू नकोस. याच आठवड्यात हाडाच्या डॉक्टरला दाखव. सांगताना नुसतं "मान दुखते" म्हणू नकोस, हात वर करून दाखव की मी रोज इतके तास असा उभा असतो, कुठली दोन बोटं ते सांग, रात्री जास्त की सकाळी ते सांग. आणि दाखवून येईपर्यंत बोर्ड चढवायचा नाही. ठेकेदाराला स्पष्ट सांग, टेप मारतो, फिनिश करतो, बोर्ड डोक्यावर घेणार नाही. एवढं तुला मागता आलंच पाहिजे.

आता फट. तू विचारलं नाहीस पण पत्रात जे लपलंय ते हे आहे की तुला स्वतःलाच शंका आहे, टेप खरंच माझीच चुकली का. मग आधी तेच शोधू, आणि ते शोधायला कुणाला विचारायची गरज नाही, फट स्वतः सांगते.

हॉलमधले दिवे बंद कर, घोडीवर चढ आणि बॅटरी सिलिंगला अगदी चिकटवून आडवी धर, उजेड पृष्ठभागावरून सरपटत गेला पाहिजे. फटीच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का एक बोर्ड केसभर खाली उतरलाय ते तुला लगेच दिसेल. मग फटीशेजारी तळहाताने वर दाब. बोर्ड हलला, आत कटकन आवाज आला, आजूबाजूच्या स्क्रूच्या डोक्यावर पुट्टीचा छोटा गोल उठला, तर स्क्रू सेक्शनला, म्हणजे बोर्डामागच्या सांगाड्यातल्या पत्र्याच्या पट्टीला, नीट धरलेला नाही किंवा सेक्शनच लोंबकळतोय. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, धारदार ब्लेडने फटीवरची टेप बोटभर लांबीची चौकोनी कापून काढ, सावकाश, आणि उजेडात धरून बघ. टेप अख्खी आहे, एका बाजूने सुटून आलीये आणि तिच्या पाठीला कंपाउंड, म्हणजे टेप चिकटवायचा माल, लागलेलंच नाही, कागद कोरा कोरडा आहे, तर ती टेप सुकी बसली होती, खाली माल कमी पडला होता, आणि ती चूक टेप मारणाऱ्याची, म्हणजे तुझी. पण टेप मधोमध उभी फाटलीये आणि तिचे दोन्ही अर्धे आपापल्या बोर्डाला घट्ट चिकटून आहेत, नखाने पण निघत नाहीत, तर तुझी टेप शेवटपर्यंत धरून होती आणि दोन बोर्ड एकमेकांपासून ओढले गेले. कागद फाटला कारण मागून कुणीतरी ओढलं. त्याला जगातला कुठलाही फिनिशवाला काही करू शकत नाही.

मी पैजेवर सांगत नाही पण तुझ्या पत्रातलं वर्णन वाचून मला दुसरंच, म्हणजे बोर्ड ओढले गेल्याचंच, वाटतंय. तीन वेळा, तिथंच, सरळ रेषेत, आणि हॉल अठरा मीटर. टेपची चूक असती तर फट इथे तिथे आली असती, जिथे माल कमी पडला तिथे, जिथे घाई झाली तिथे. तीच फट त्याच जागी परत परत येते तेव्हा तिथे काहीतरी हलतंय.

माझ्यावर हे आलेलं आहे म्हणून इतकं ठासून सांगतोय. एका लांब सिलिंगला मीही तीनदा टेप मारली होती, दर वेळी आधीपेक्षा जास्त काळजीने, एकदा तर रात्री दोनपर्यंत, आणि दर वेळी दोन-तीन महिन्यांत तीच रेघ. शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले, त्यांनी फटीकडे बघितलंच नाही, मला विचारलं "वर काय आहे?" वर उघडी गच्ची होती. दिवसभर तापायची, रात्री गार व्हायची, आणि आम्ही खालचा सांगाडा चारही भिंतींना करकचून आवळला होता, मधे कुठे त्याला सरकायला जागाच ठेवली नव्हती. मग तो बिचारा जिथे सगळ्यात कमकुवत तिथेच सुटणार, आणि सगळ्यात कमकुवत जागा म्हणजे जॉइंट. त्या दिवसापासून मी कुठल्याही सिलिंगखाली उभा राहिलो की आधी वर काय आहे ते विचारतो.

मोठ्या सिलिंगला कंट्रोल जॉइंट लागतो, म्हणजे मुद्दाम ठेवलेली, पट्टी बसवून झाकलेली फट. अमेरिकन मानक आहे एएसटीएम सी ८४० म्हणून, त्यात साधा हिशोब दिलाय: सिलिंग कडेने भिंतींना जखडलेलं असेल तर कुठल्याही दिशेला ९ मीटरच्या आत एक जॉइंट, आणि कडेला सरकायची मोकळीक ठेवली असेल तर १५ मीटरपर्यंत चालतं. सरळ लांब भिंतीच्या पार्टिशनलाही तोच ९ मीटरचा नियम. तुझा हॉल अठरा मीटरचा, म्हणजे कुठल्याही हिशोबाने मधे किमान एक तरी पाहिजेच होता. आणि एक गोष्ट लोक हमखास चुकतात, नुसता बोर्ड कापून पट्टी मारली की झालं असं समजतात. मागचा सांगाडाही तिथे तुटलेला पाहिजे, जॉइंटच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा सेक्शन, दोघांना वेगवेगळे हँगर, म्हणजे वरून सांगाडा लटकवणारे आधार. सेक्शन अखंड गेला असेल तर वरच्या पट्टीचा काही उपयोग नाही. एल किंवा टी आकाराची खोली असेल तर जिथे दोन भाग मिळतात त्या आतल्या कोपऱ्यातून फट निघते, तिथेही हाच उपाय.

बाकीच्या फटी पण ओळखायला शीक, कारण उद्या दुसऱ्या साइटवर दुसरं खापर येईल. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी फट, ती जवळजवळ नेहमी बोर्डाचा जॉइंट बरोबर चौकटीच्या कोपऱ्यावर आणल्यामुळे येते, तिथे बोर्ड एल आकारात कापून कोपऱ्याला वळसा घालायचा असतो, थोडा माल वाया जातो म्हणून कुणी करत नाही. पार्टिशन आणि वरच्या स्लॅबच्या मधली आडवी फट, म्हणजे स्टड (पार्टिशनमधला उभा सेक्शन) वरच्या ट्रॅकला (स्लॅबला लावलेल्या आडव्या चॅनलला) ठोकून टाकलाय, स्लॅब थोडा वाकला की भार थेट बोर्डावर येतो, वर थोडी जागा सोडून स्टड मोकळा ठेवायचा असतो. सिलिंग आणि भिंत मिळते तिथली केसासारखी फट, ती दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या हलतात म्हणून येते, तिथे पुट्टी भरून भरून दमण्यापेक्षा शॅडो गॅपची (मुद्दाम ठेवलेल्या बारीक खाचेची) पट्टी ठेवलेली कधीही चांगली. आणि सिलिंगचा हँगर एसीच्या डक्टला नाहीतर पाइपला बांधलेला दिसला तर फट वगैरे बाजूला राहू दे, आधी आरडाओरडा कर, ते डोक्यावर येऊ शकतं.

मला या कामात एक गोष्ट फार आवडते ती सांगतो, जरा आडवाट आहे. बोर्ड येण्याआधी लाकडी पट्ट्यांवर ओला प्लास्टर मारायचे, थर वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे, पण झाला की तो अखंड असायचा, जॉइंट नावाचा प्रकारच नव्हता. १८९४ मध्ये ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसाने कागद आणि प्लास्टरचे थर दाबून बोर्ड बनवायचं पेटंट घेतलं आणि तिथून काम झपाट्याने व्हायला लागलं. पण वेळ वाचवला त्याच्या बदल्यात जॉइंट आले. तेव्हापासून आपली सगळी कारागिरी म्हणजे तुटक तुकडे अखंड दिसायला लावणं, आणि ते फक्त वरून टेप मारून कधीच होत नाही, ते मागे सांगाड्यातच ठरलेलं असतं. तू सात वर्षं बोर्डाच्या या बाजूला काम करतोयस आणि दोष सगळा पलीकडच्या बाजूचा अंगावर घेतोयस.

तरी तुझी बाजू पण तपासून घे, कारण उद्या ठेकेदाराशी बोलताना तुझं घर पक्कं पाहिजे. टेप मारायच्या आधी बोर्डांमधली मोठी फट भरलीस का? ती पावडरवाल्या, रासायनिक रीतीने सेट होणाऱ्या कंपाउंडने भरायची, डब्यातलं तयार कंपाउंड सुकताना आक्रसतं. कागदी टेपखाली भरपूर माल, मग पत्रीने मधून बाहेर दाबत हवा आणि जास्तीचा माल काढायचा, कडांना थोडा माल बाहेर आलेला दिसला पाहिजे. बोटाने टिचकी मारून बघ, पोकळ आवाज आला तर तिथे हवा आहे, तेव्हाच कापून परत. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही, इथे घाई करायला लावणारा ठेकेदार तुला नंतरच्या फटीचा जबाबदार धरतो म्हणून तारीख-वेळ वहीत लिहीत जा. आणि कापलेल्या टोकांचे जॉइंट, ज्यांना उतार नसतो, म्हणजे कड पातळ केलेली नसते, तिथे माल दोन्ही बाजूंना हातभर पसरवत न्यावा लागतो, नाहीतर बॅटरीच्या उजेडात उंचवटा दिसतोच. यात कुठे तुझी चूक निघाली तर ती मान्य कर, तेवढी दुरुस्ती तुझी. बाकीची नाही.

ठेकेदाराशी बोलताना भांडायला जाऊ नकोस, कापलेला टेपचा तुकडा घेऊन जा. तो त्याच्या हातात दे, फाटलेली कड दाखव, मग त्याला हॉलची लांबी विचार आणि कंट्रोल जॉइंट कुठे ठेवला ते विचार. नकाशात दाखवला होता आणि लावला नाही का नकाशातच नव्हता, हे त्याला शोधू दे, नकाशातच नसेल तर त्याचेही पैसे बुडायचं कारण नाही, तो डिझाइन करणाऱ्याकडे जाऊ शकतो, म्हणजे तू त्याचा वैरी न होता त्याच्या बाजूचा माणूस होतोस. चौथ्यांदा फुकट टेप मारायला मात्र नाही म्हण. सांगाडा तोडून मधे जॉइंट केल्याशिवाय मारलेली टेप परत फाटणारच आणि ती परत तुझ्याच नावावर जाईल. आणि इथून पुढे एक सवय लाव, बोर्ड बंद व्हायच्या आधी सांगाड्याचे फोटो काढायचे, सेक्शनमधलं अंतर मोजपट्टी धरून, हँगर, कडेचा चॅनल, सगळं. साडेबारा मिमीच्या बोर्डाला सिलिंगमध्ये सेक्शन साडेचारशे मिमीच्या आसपास असतात, स्क्रू सव्वादोनशे-अडीचशेवर, बोर्ड कंपनीचा तक्ता बघून घे. मधे सहाशे अंतर दिसलं तर तिथेच थांबून बोल, टेप हातात घेण्याआधी. तू बोललास आणि ऐकलं नाही तर फोटो पाठवून ठेव.

आता अंगाचं परत, कारण डॉक्टर गोळ्या देईल पण काम तेच राहिलं तर दुखणंही तेच. १२०० बाय २४०० चा साडेबारा मिमीचा साधा बोर्ड २४-२५ किलोच्या घरात जातो, १५ मिमीचा फायर बोर्ड तर तीसच्याही बराच वर. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश ही सरकारी संस्था आहे, तिने वजन उचलायचं जे गणित मांडलंय त्यात सगळं आदर्श असताना, म्हणजे ओझं अंगाशी, कमरेच्या उंचीला, पिळ न देता, वरची मर्यादा २३ किलो धरलीये. तू तेवढंच ओझं डोक्याच्या वर, मान मागे टाकून, घोडीवर उभं राहून एकट्याने धरतोयस. हे ताकदीचं काम नाहीच, हे चुकीचं काम आहे, मग तू कितीही दणकट अस. बोर्ड लिफ्ट मिळत असेल तर मागून घे, नसेल तर सिलिंगच्या उंचीपेक्षा किंचित लांब असे टी आकाराचे लाकडी टेकू दोन करून घे, दोघांनी बोर्ड चढवायचा, टेकू सरकवून ताण द्यायचा आणि मग दोन्ही हात मोकळे ठेवून स्क्रू. मधून कडेकडे स्क्रू मारत जा म्हणजे बोर्ड फुगत नाही. नेताना बोर्ड उभा धर, एक हात खाली एक वर, आडवा कधीच नाही. घोडी इतकी उंच कर की डोकं सिलिंगपासून वीतभर खाली राहील, खूप खाली उभं राहून हात ताणणं हेच खांदा खातं. दर तासाला पाच मिनिटं हात खाली सोड आणि मान पुढे झुकवून उभा राहा, मुकादम बघत असला तरी.

आणि धूळ. तू तिचं एक अक्षर लिहिलं नाहीस म्हणजे तुला तिची सवय झालीये, आणि तेच मला भीतिदायक वाटतं. जॉइंट घासताना उडते ती नुसती पांढरी माती नाही, त्यात अभ्रक, टाल्क आणि काही मालात सिलिका असते, आणि क्रिस्टलाइन सिलिकाची धूळ श्वासात गेली तर माणसात कर्करोग होतो असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच ठरवलंय. नायॉशने बोर्ड घासणाऱ्यांची धूळ मोजली तेव्हा काही जणांच्या तोंडाजवळ ती तिथल्या कायद्याच्या मर्यादेच्या दहापट भरली, आणि व्हॅक्यूम जोडलेल्या सँडरने तीच धूळ ८० ते ९७ टक्के कमी झाली. व्हॅक्यूम नसेल तर ओल्या स्पंजने पुसत फिनिश कर, सुकं घासायचंच असेल तर लांब दांड्याच्या सँडरने, तोंड लांब ठेवून, आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा खरा मास्क लावून. रुमाल बांधून काही होत नाही. जुन्या इमारतीत सिलिंग तोडायचं काम आलं तर एकदम थांब, जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतो, तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, घरी लेकराला जवळ घेताना ते कपडे अंगावर असता कामा नयेत.

लाइन सोडायची का. तुझ्या बायकोची काळजी खरी आहे आणि तिने हे म्हटलं ते बरं केलं. डॉक्टर म्हणाला डोक्यावर हात नेऊच नका तर सोड, त्यात काही कमीपणा नाही. पण तसं नसेल तर मी म्हणेन की तू लाइन सोडू नकोस, लाइनीतली जागा बदल. सात वर्षं जॉइंट हाताखालून गेलेत तुझ्या, कुठला बोर्ड उचललाय कुठला बसलाय हे तुला बोटांनी कळतं, हे लेझर घेऊन फिरणाऱ्या नव्या पोराला कळत नाही. आता लेआउट शीक. लेझर लावणं, सूत मारणं, कडेच्या चॅनलची लेव्हल, नकाशावरून दिवे आणि एसीच्या जाळ्या कुठे येणार आणि तिथे सेक्शन आडवा येतो का ते आधी बघणं, बोर्डाचा जॉइंट कुठे पाडायचा ते कागदावर आखणं. फायर-रेटेड, म्हणजे आग अडवणारी, आणि आवाज अडवणारी पार्टिशन शीक, तिथे एक फट राहिली तर अख्खी भिंत वाया, म्हणून तिथे तुझ्यासारखा बारीक नजरेचा माणूस लागतोच. हे काम करणारा माणूस दिवसाचे फार बोर्ड उचलत नाही आणि फट आली की त्यालाच बोलावतात, कारण उत्तर त्याच्याकडे असतं. तुझ्याच टोळीत जो चांगला फ्रेमवाला असेल त्याला सांग, सकाळचे दोन तास मी तुझ्याबरोबर सांगाडा बांधतो, मग माझं टेपचं काम. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, चांगला हात सगळ्यांना हवा असतो.

आधी डॉक्टर, मग तो टेपचा तुकडा. दाखवून आलास की काय म्हणाले ते लिही, आणि टेप मधून फाटलीये की पाठीमागून सुटलीये तेही लिही, फोटो जोडलास तर उत्तम, फटीच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू दिसतील असा, बॅटरी आडवी धरून.